फायर हॉलमधला भात

थर्मामीटरचा काटा चढत चढत एकशे दोनवर थांबला. मी तो भातातून काढला, पुसला आणि पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला खोल खुपसला. पुन्हा एकशे दोन.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" अण्णांनी विचारलं.

"एकशे दोन."

"म्हणजे गरम हाय की."

"कोमट आहे, अण्णा."

अमेरिकेत सगळं फॅरनहाइटमध्ये मोजतात. एकशे दोन म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाचं अंग. माणसाला एवढा ताप असला की आपण घाबरतो. शिजवून ठेवलेल्या भाताच्या बाबतीतही घाबरायला हवं. वाढेपर्यंत तो एकशे पस्तीसच्या खाली येता कामा नये, असा नियम होता.

ऑगस्ट २००९ मधला शनिवार. दुपारचे दोन चाळीस. गावातल्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमागे जे स्वयंपाकघर होतं, तिथे आम्ही उभे होतो. समोर स्टीलची तीन मोठी पातेली होती, प्रत्येकाभोवती जाड गोधड्या गुंडाळलेल्या. मसालेभात. वर काजू, खोवलेलं खोबरं, कोथिंबीर. पाच वाजता दोनशे ऐंशी माणसं जेवायला येणार होती.

मी तेव्हा ओहायो राज्यातल्या ॲशबी काउंटीच्या आरोग्य खात्यात अन्न निरीक्षक होतो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. खात्यात आम्ही तीन निरीक्षक, त्यात मी सगळ्यात नवा. शनिवारी माझी पाळी होती. साडेबाराला जीन नावाच्या आमच्या कारकून बाईंनी एक चिठ्ठी पुढे केली: 'फायर हॉल. भात. काल रात्रीचा.' खाली नाव नव्हतं.

"कुणाचा फोन होता? बाईचा की पुरुषाचा?" मी विचारलं.

"विलास, तक्रार करणाऱ्याबद्दल काही सांगायचं नाही, हा नियम तुला मी शिकवायचा का?" जीन म्हणाली.

चिठ्ठी आली म्हणजे जायला हवं. मी दोन ठिकाणची आधी ठरलेली तपासणी उरकली आणि मग निघालो. खरं सांगायचं तर ती तपासणी सोमवारी केली असती तरी चाललं असतं.

अण्णा मगदूम मूळचे इचलकरंजीचे. एकोणसत्तर साली अमेरिकेत आले आणि गावाबाहेर त्यांनी स्वतःचं मशीन शॉप उभं केलं. सहा कामगार, पंपांचे सुटे भाग. मी परभणीहून शिकून आलो, तेव्हा पहिले चार महिने त्यांच्या तळघरात राहिलो होतो. अण्णांच्या पत्नी पद्माकाकू रोज जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं ताट ठेवायच्या. जेवलो नाही तर सकाळी जाब विचारायच्या.

अण्णांचं आणि सरकारचं कधी जमलं नाही. इकडच्याशीही नाही आणि तिकडच्याशीही नाही. इचलकरंजीत त्यांच्या वडिलांचा लहानसा कारखाना होता. धातू कातायचं दुसरं लेथ बसवायला परवाना हवा होता. सतरा महिने फाइल फिरली. दर महिन्याला एक इन्स्पेक्टर यायचा, चहा प्यायचा, कागद कमी आहे म्हणायचा. "परवाना आला तवा आबा जाऊन तीन आठवडे झालते," अण्णा सांगायचे. "तो कागद घिऊनच मी विमानात बसलो. परवान्याच्या देशातनं पळून आलो, आणि बघतोय तर परवाना माझ्या पाठोपाठ बोटीनं यायलाय."

त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये आरोग्य विम्याच्या नव्या कायद्याची चर्चा चालू होती. गावोगाव सभा होत होत्या, लोक हमरीतुमरीवर येत होते. अण्णांनी गावच्या वर्तमानपत्राला चार पत्रं लिहिली. एका सभेत उभं राहून ते म्हणाले होते, "मोठ्या कंपनीकडे नियम वाचायला दहा वकील आहेत. माझ्याकडे सहा कामगार आणि एक कॉफीचं यंत्र आहे. नियम मोठ्यांसाठी करता आणि मरतो आम्ही." खर्चाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आपण जेवायचं आणि भांडी नातवंडांनी घासायची, हा कुठला न्याय?" टाळ्या पडायच्या. मलाही त्यात पुष्कळ खरं वाटायचं.

पण त्यांच्या शॉपमध्ये रॉय टॅकेट नावाचा कामगार होता. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी कामगारांचा विमा बंद केला आणि तेवढी रक्कम प्रत्येकाच्या पगारात घातली. पैसा तुमच्या हातात, विमा तुम्ही निवडा, हे त्यांचं तत्त्व. पाच जणांनी निवडला. रॉयनेही अर्ज केला, पण त्याची बायको लोरेन हिच्या हृदयाची झडप आधीपासूनच बिघडलेली होती. तीन कंपन्यांनी नकार दिला. आता ती झडप बदलायची वेळ आली होती आणि कोलंबस शहरातल्या इस्पितळाने काही रक्कम आधी भरायला सांगितली होती.

अण्णांना झोप लागत नव्हती, हे काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं होतं. मग एक दिवस त्यांनी जेवणाचं ठरवलं. तिकडच्या लहान गावांत ही पद्धतच आहे: कुणी आजारी पडलं की हॉल घ्यायचा, जेवण घालायचं, तिकिटं विकायची. "सरकार कशाला पाहिजे?" अण्णा मला म्हणाले होते. "शेजारी हाईत की. दाखवतो तुला."

म्हणजे त्या तीन पातेल्यांत नुसता भात नव्हता. लोरेनची शस्त्रक्रिया होती, आणि अण्णांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं.

"भात कधी शिजला?" मी विचारलं.

"काल रात्री, घरी. अकराला उतरवला."

"आणि तेव्हापासून गोधडीत?"

"मग? लग्नाकार्यात काय करतात आपल्यात? मी स्वतः बांधलाय. वाफ बाहेर जाऊ दिली न्हाई."

"पंधरा तास झाले, अण्णा. बंद वाफेत, कोमट. या भातात जे तयार होतं, त्याला वास येत नाही, चवही लागत नाही."

"मग परत तापवू की! शेगड्या हाईत इथं."

"तापवून जंतू मरतील. त्यांनी सोडलेलं विष मरत नाही."

दाराशी शॉपमधले दोघे टेबलं मांडता मांडता थांबले होते. पद्माकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी. मी आल्यापासून त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"तुझा काटा बरोबर हाय कशावरनं?" अण्णांनी अचानक विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी पेल्यात बर्फ घेतला, पाणी ओतलं आणि त्यात थर्मामीटर धरला. "बर्फाच्या पाण्यात काटा बत्तीसवर यायला हवा. नाही आला तर इथे, तबकडीच्या मागे एक नट असतो, तो पान्याने फिरवायचा."

अण्णा चष्मा वर करून वाकले. आयुष्यभर एक सहस्रांश इंचाचा फरक पकडणारा माणूस. काटा बत्तीसवर थांबला. त्यांनी तो नट बोटाने चाचपून पाहिला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग आवाज चढला. "कुणी फोन केला तुला?"

"मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

"की कुणी केलाच न्हाई? जुलैतला हिशेब चुकता करायलास?"

अण्णा काउंटीच्या खर्च समितीवर होते. तीन निरीक्षकांची गरज नाही, दोन पुरेत, असा ठराव त्यांनी जुलैत मांडला होता. तिसरा मीच होतो. रस्त्याने येताना माझ्या मनात हेच होतं, की भात फेकायला लावला तर लोक म्हणतील सूड घेतला, आणि सोडून दिला तर मीच म्हणेन की नोकरीसाठी शेपूट घातली.

"अण्णा, तुमच्या घरचं अन्न खाऊन मी या देशात उभा राहिलोय. हा भात मी वाढू देणार नाही."

"आणि मी वाढला तर?"

"तर दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

"तीनशे माणसांचं अन्न, विलास! आणि ती बाई तिकडं..." त्यांचा आवाज फाटला. "तिला काय सांगू? इन्स्पेक्टर आला म्हणून?"

त्याच वेळी काकू बोलल्या. ओट्याकडे तोंड ठेवूनच. "पोरंबाळं येणार हाईत जेवायला."

एवढंच. अण्णांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग ते पातेल्यांसमोरून बाजूला झाले.

फेकायचं अन्न नुसतं कचऱ्यात टाकून चालत नाही. कुणी उचलून खाऊ नये म्हणून त्यावर ब्लीच ओतायचं, असा नियम आहे. निरीक्षकाच्या गाडीत ब्लीचची बाटली असतेच. मी ती घेऊन आलो. हॉटेलांच्या मागच्या दारी हे काम मी पन्नास वेळा केलं होतं. त्या दिवशी झाकण उघडेना. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढलो होतो, आणि समोर भात करणारी बाई उभी होती.

"दे इकडं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नियमाप्रमाणे मी..."

"भात माझा हाय. बांधला मी. चूक माझी." त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. "सरकारनं ओतायचं न्हाई. मी ओतणार."

त्यांनी तिन्ही पातेल्यांवर ओतलं. सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत, एकही जागा कोरडी न सोडता. काजू पिवळे पडले. वासाने डोळे चुरचुरायला लागले. अण्णांनी शेवटचा थेंब ओतला, बाटलीचं झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली. काकू पदराने तोंड झाकून बाहेर निघून गेल्या.

पाचला लोक आले. अण्णा स्वच्छ शर्ट घालून टेबलांच्या मध्ये उभे राहिले. माझं किंवा खात्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"वाईट बातमी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "भात खराब झाला. माझ्यामुळे झाला. तुम्ही तो खाल्ला असता तर आजारी पडला असता आणि दोष माझा असता. मी तो टाकून दिला आहे. ज्याला तिकिटाचे पैसे परत हवेत, त्याने दाराशी माझ्याकडून घ्यावेत."

ड्वाइट नावाचा म्हातारा फायरमन मागून ओरडला, "मगदूम, आम्ही तुझ्या भातासाठी आलो असं तुला कुणी सांगितलं?"

हसू फुटलं. कुणीही उठलं नाही. ऑगस्ट म्हणजे ओहायोत मक्याचा महिना. एक शेतकरी उठला आणि वीस मिनिटांत ट्रकभर कणसं घेऊन आला. कुणी दुकानातून पाव आणले. अण्णांची ती तीन पातेली आम्ही चार वेळा घासली, धुतली, आणि त्यातच कणसं उकडली. पहिलं कणीस चिमट्यात धरून अण्णा माझ्यापुढे आले.

"हेही मोजणार?"

मी मोजलं.

"पास?"

"पास."

"मग खा," ते म्हणाले आणि पुढे गेले. त्या संध्याकाळी ते माझ्याशी एवढंच बोलले.

आगाऊ भरायची रक्कम जमली, वर थोडी उरलीही. एकूण खर्चाच्या मानाने ती लहान होती. बाकीचा बराचसा भाग इस्पितळाने पुढे माफ केला. तो अखेर कुणी सोसला, शेजाऱ्यांनी, विमा भरणाऱ्यांनी की सरकारने, यावर आम्ही दोघांनी कधी वाद घातला नाही. घालण्यासारखा होता. लोरेनची झडप सप्टेंबरअखेर बदलली.

ऑक्टोबरमध्ये खर्च समितीत मतदान झालं. आदल्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

"उद्या मी ठरावाच्या बाजूनं मत देणार हाय. तू इतरांकडनं ऐकण्यापेक्षा माझ्याकडनं ऐक."

"भातामुळे?"

"भातामुळं असतं तर विरोधात दिलं असतं. त्या दिवशी तू बरोबर होतास. पण काउंटीकडं पैसा न्हाई, आणि नसलेला पैसा मी खर्चू देत न्हाई. माणूस बघून मत बदलायला लागलो तर आबांच्या फाइलवर बसलेल्या त्या इन्स्पेक्टरात आणि माझ्यात फरक काय?"

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. महिन्याअखेर माझी नोकरी गेली. माझ्या बायकोने पुढे दोन वर्षं मगदूमांच्या घरी पाऊल टाकलं नाही. मी तिला दोष दिला नाही.

कोलंबसमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात जागा होती. मी अर्ज केला. मुलाखतीला गेलो तर तिथल्या व्यवस्थापकाने हसत एक पत्र पुढे केलं. मी ते मागितलेलं नव्हतं. अण्णांच्या शॉपचा कागद, खाली त्यांची सही, मजकूर दोन वाक्यांचा: 'या माणसाने मला माझ्याच हाताने तीनशे माणसांचं जेवण फेकायला लावलं. याला घ्या.'

मी अजून तिथेच आहे.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. अंत्यविधीला गाव लोटलं होतं. लोरेन टॅकेट घरून मॅकरोनीचं भांडं घेऊन आली होती, गरम, फडक्यात गुंडाळलेलं. महिन्याभराने मी काकूंना भेटायला एकटाच गेलो. त्यांनी भात शिजायला लावला आणि बोलता बोलता, परातीतलं पीठ मळत, म्हणाल्या:

"विलास, त्या दिवशी फोन मी केलता."

कुठल्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

"रातचं शिजवलेलं आपल्यात खात न्हाईत," त्या म्हणाल्या. काकू जैन, हा नियम त्यांच्या घरात पिढ्यांचा होता. "मी गुरुवारीच म्हटलं, शनिवारी सकाळी करू. तर म्हणाले, एवढं सकाळी उरकायचं न्हाई, आणि चाळीस वर्षं झाली अमेरिकेत येऊन, तू अजून तेच धरून बसलीयास. शनिवारी सकाळी गोधडी सोडून मी हात घालून बघितला. वास न्हवता. पण हाताला बरं लागलं न्हाई. पुन्यांदा सांगितलं. म्हणाले, तुझं मन खातंय."

"मग?"

"मग काय. गॅरेजात जाऊन तुमच्या हापिसात फोन केला. मोडक्या इंग्लिशमध्ये. नाव विचारलं तर ठिवून दिला."

"अण्णांना कळलं कधी?"

"त्याच दिवशी. घरी येताना गाडीत मीच सांगितलं." काकूंचे हात थांबले. "त्यांनी गाडी रस्त्याच्या कडंला घेतली. म्हणाले, चाळीस वर्षांच्या संसारात तुला मला सांगायला सरकारला फोन करावा लागला. एवढंच. मग गाडी चालू केली."

"आणि सरकारबद्दलची मतं? ती बदलली?"

"मत कशाला बदलतंय! शेवटपर्यंत तिकडंच." त्या जराशा हसल्या. "पण मी काही बोलले की हातातलं काम ठिवून ऐकायचे. पहिल्यांदा मलाच भ्या वाटायचं."

हात धुऊन त्यांनी खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं. थर्मामीटर. माझा होता तसाच, तबकडीचा, पण दांडी वापरून काळसर झालेली.

"त्या सोमवारीच जाऊन आणला. शॉपची पार्टी असू दे, मंदिरातलं जेवण असू दे, हा खिशात. पोरं चिडवायची, सरकारी माणूस आला म्हणून. तू घेऊन जा. माझ्या काय कामाचा?"

सवयीने मी पेल्यात बर्फ घेतला, पाणी ओतलं, थर्मामीटर धरला. काटा खाली आला आणि तीसवर थांबला. मी पेला ढवळला, पुन्हा थांबलो. तीस.

"काकू, बिघडलाय वाटतं. दोन अंश कमी दाखवतोय."

"बिघडलेला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी स्वतः पाना घेऊन फिरवलाय. म्हणायचे, काटा एकशे पस्तीस दाखवील तवा भात एकशे सदतीस असला पाहिजे. एकशे पस्तीस सरकारचं. वरचे दोन आपल्या घरचे."

मी थर्मामीटर उलटा केला. तबकडीच्या मागे, नटाच्या कडेला, कानसेने ओढलेली एक बारीक रेघ होती. नट पुन्हा सरकला तर कुठे आणायचा, ते कळावं म्हणून.

काकूंनी ताट वाढलं. मी थर्मामीटर पुसला आणि खिशात ठेवला. पाना मागितला नाही.